किंग कर्टिस, 'लाइव्ह ॲट फिलमोर वेस्ट' : जुनी एलपी, साडेचार तारे

२२ वर्षं मी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवला. पोस्टरवर गायकाचं नाव, आपण मागच्या रांगेत, वाट्याला मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला पीस. तेव्हा या रेकॉर्डच्या बाबतीत मी थोडा पक्षपाती आहे, आधीच सांगून टाकतो.

किंग कर्टिस म्हणजे टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा सॅक्सोफोनवाला कर्टिस ओस्ली. नाव ऐकलं नसेल, पण त्याचा टेनर सॅक्स कानावरून गेला असेल. कोस्टर्स या गायकांच्या गटाच्या १९५८ सालच्या 'याकेटी याक'मध्ये मधेच कोंबडी बिथरल्यासारखा सॅक्स येतो ना, तो हाच. गायिका अरीथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'मधला पीसही त्याचाच. ओटिस रेडिंगच्या मूळ गाण्यात ती जागाच नव्हती. सॅम अँड डेव्ह या गायक जोडीच्या भलत्याच एका गाण्याचे कॉर्ड उचलून ती करून घेतली. वीस सेकंदही नसतील. आला, बोलला, बाजूला झाला. हे जमायला काय दम लागतो ते वाजवणाऱ्याला विचारा.

ही रेकॉर्ड मार्च १९७१ची, सॅन फ्रान्सिस्कोची. फिलमोर वेस्ट हा रॉकवाल्यांचा अड्डा. तिथे अरीथाचे तीन रात्री कार्यक्रम झाले, साथीला कर्टिसचा बँड, किंगपिन्स. त्याच मुक्कामात त्यांनी स्वतःचं जे वाजवलं ते इथे आहे.

सुरुवात 'मेम्फिस सोल स्ट्यू'ने. रस्सा शिजवायला घेतल्यासारखा कर्टिस एकेकाला पातेल्यात सोडतो: जेरी जेमॉटचा बेस, बर्नार्ड पर्डीचे ड्रम, कॉर्नेल डुप्रीची गिटार, बिली प्रेस्टनचा ऑर्गन. पर्डीचा हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरच्या झांजांची जोडी, 'च्च' करून मिटतो तो क्षण मी चार वेळा सुई मागे नेऊन ऐकला. बँड कर्टिसचा, नाव कर्टिसचं, आणि स्वतः शिरतो सगळ्यांच्या शेवटी! सवय सुटत नाही माणसाची.

'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'मध्ये मात्र त्याचा सॅक्स निवांत गातो. होय, गातोच. 'होल लोटा लव्ह' मला धावपळीचं वाटलं. समोरच्या पोरांना खूश करायला वाजवलेलं.

अर्धा तारा कापलाय तो विक्रेत्याचा. पुठ्ठा न घालता पाठवली, कव्हरचा कोपरा दुमडलेला. 'जवळपास नवी' असं लिहिलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला शेवटी टिकटिक. तक्रारीला उत्तर नाही.

रेकॉर्ड बाजारात आली ऑगस्ट १९७१मध्ये. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आपल्याच इमारतीसमोर झालेल्या भांडणात कर्टिसला भोसकलं, त्यातच तो गेला. वय ३७. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २०००मध्ये त्याला घेतलं ते साइडमन, म्हणजे साथीदार वादक म्हणूनच.

टिकटिक येते ती नेमकी शेवटच्या 'सोल सेरेनेड'वर. दोनदा धुतली, गेली नाही.