सही करण्याआधी: ‘चांगलं’ मोजायची चार मापं

पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून आमची सभा झाली. कोथरूडमधली १९८४ची इमारत, तळमजला धरून चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंटला पंधरा जण तयार. सोळाव्या म्हणजे तळमजल्याच्या आजी, वय ८२. “भाड्याच्या घरात मरायचं नाही मला,” एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. मागून आवाज आला, “५१ टक्के पुरतात हो, विनवण्या कशाला?”

ते खरंच आहे. राज्य सरकारच्या २०१९च्या निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. पण पुरतं म्हणजे चांगलं का? तुमच्यापुढेही असा कागद आला असेल, तर आधी माप कोणतं लावताय ते बघा. मापागणिक उत्तर बदलतं.

पहिलं माप परिणामांचं. बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९मध्ये ते सविस्तर मांडलं, पुढे त्याच्याच वाटेने जाणाऱ्या मिलने त्याला घासूनपुसून घेतलं: ज्यातून पुष्कळांचं पुष्कळ सुख साधतं ते चांगलं. या मापाला आपल्याकडे उगाच नावं ठेवतात. त्याचा मोठा गुण असा की ते तुम्हाला हवेत बोलू देत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका गुडघे धरून ५४ पायऱ्या चढायचे, गेल्या दिवाळीपासून खाली उतरलेलेच नाहीत. म्हणजे “म्हाताऱ्यांचा विचार करा” म्हणणाऱ्यांनी कोणत्या म्हाताऱ्यांचा, तेही सांगायला हवं. १८९१च्या संमतिवयाच्या (मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या कायद्याच्या) वादात आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, ते कोवळ्या मुलींच्या शरीराचं काय होतं हे बघून. तिथे डोकी मोजली असती तर पुण्यात काय कौल लागला असता, याचा अंदाज तुम्हीच करा. दुःख मोजणं आणि डोकी मोजणं यांत फरक आहे, आणि आमच्या सभेत नेमकी त्याचीच गल्लत होत होती.

याच मापावर टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून जे लिहिलं, ते १९१५मध्ये ‘गीतारहस्य’ म्हणून छापून आलं. त्यात एक मासलेवाईक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराला ट्राम हवी होती. सरकारी परवानगी मिळायला उशीर होत होता, म्हणून ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच चारली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली. पुढे लाचेचं प्रकरण कोर्टात गेलं. पुष्कळांचं सुख साधलं, मग लाच चांगली ठरते का? टिळकांचं म्हणणं असं की करणाऱ्याची बुद्धी, म्हणजे हेतू, बघितल्याशिवाय नुसत्या फळावरून कामाची किंमत ठरत नाही. (मेट्रोच्या शहरात हे वाचताना जरा हसू येतं.)

इथून दुसरं माप जवळच आहे: कर्तव्याचं, कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं, १७८५चं. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही, आणि जो नियम सगळ्यांनी पाळावा असं म्हणता येणार नाही तो स्वतःपुरताही पाळायचा नाही. आमच्याकडे हे माप फार लवकर कामी आलं. कमिटीतल्या एकाने सुचवलं, “आजींना बांधकामाला दोन वर्षं सांगू, चार लागतील ते नंतर बघू.” हेतू वाईट नव्हता. पण अशी सही म्हणजे आजींची संमती नव्हेच. त्यांच्या हातून आपणच केलेली सही.

मात्र हे माप ताणलं की तुटतं. मारेकरी मित्राचा पत्ता विचारत दारात आला तरी खोटं बोलू नये, असं कांटने १७९७मध्ये लिहिलं. आपल्या कर्णपर्वात याला आधीच उत्तर आहे: सत्यव्रती कौशिकाने दरोडेखोरांना लपलेल्या लोकांची वाट खरी सांगितली, ती माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, प्रतिज्ञेपायी तो युधिष्ठिरावर तलवार उपसून उभा असताना. नियम पाळणाऱ्यालाही डोळे उघडे ठेवावे लागतातच.

तिसरं प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलचं: भला माणूस इथे कसा वागेल? चांगलेपण एखाद्या सुट्या कृतीत नाही, मुरलेल्या सवयीत आहे, आणि ती वापरायला तारतम्य लागतं. मला हे माप आवडतं, पण मतदानाला उपयोगी नाही. हात वर करू की नको, ते सांगत नाही. आजींकडे निरोप पाठवायचा की स्वतः जाऊन बसायचं, एवढं मात्र अचूक सांगतं.

चौथं अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सचं, १९७१चं. सोळांपैकी आपण कोण असणार हे ठाऊक नाही असं धरा, आणि मग करार लिहा. रॉल्स बोलत होता ते सगळ्या समाजाच्या घडणीबद्दल, सोसायटीच्या सभेबद्दल नव्हे. त्याला पार्किंगपर्यंत मी ओढून आणलाय. पण करार वाचताना याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच मापाचा झाला नाही. तोवर आम्ही कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती वाढतंय, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती मिळतोय, हेच बघत होतो. आजींच्या जागी स्वतःला ठेवल्यावर दिसलं की नव्या नकाशात तळमजल्यावर घरंच नाहीत, सगळं पार्किंग आहे. आणि बांधकाम चालू असताना बिल्डरने आम्हाला द्यायचं घरभाडं मध्येच थांबवलं तर काय, यावर करारात एक ओळ नाही.

माझा कल विचाराल तर दुसऱ्या मापाला नकाराधिकार द्या: फसवणूक किंवा दडपण असेल तर हिशेब मांडायचाच नाही. ते पार पडलं की चौथ्याने करार तपासा, आणि शेवटी पहिल्याने मत द्या. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच पायरीवर वाढीव कार्पेट दिसतं आणि पुढचं काही दिसेनासं होतं.

आम्ही भाड्यासाठी बँक गॅरंटी मागितली, आजींना पहिल्या मजल्यावर लिफ्टशेजारचा फ्लॅट लिहून घेतला, आणि चार वर्षं लागतील हे त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी अजून सही केलेली नाही. “फ्लॅट चांगला आहे,” म्हणाल्या, “पण चार वर्षं माझ्याकडे आहेत का, ते कोण लिहून देणार?” पुढची सभा रविवारी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना खाली आणायला दोन जण लागतील.