भिगवण, सिंहगडाचा पायथा की घरची गच्ची? वसंतातल्या एका महिन्याचं पक्षीनिरीक्षण

होळीच्या पौर्णिमेपासून हनुमान जयंतीपर्यंतचा महिना पक्ष्यांच्या जगात सगळ्यात धांदलीचा. हिवाळी पाहुणे निघायच्या तयारीत आणि इथले रहिवासी घरट्यांच्या खटपटीत. पुण्यात राहून नोकरी सांभाळणाऱ्या नवख्या माणसाच्या हाती यातले चार रविवार आणि रोज सकाळची वीसेक मिनिटं लागतात. ती कुठे खर्चायची?

चार रविवारी चार नव्या जागा, हा पर्याय आधी बाद करा. त्यात नावांची यादी वाढते, पण या महिन्यात पाहायचा असतो तो बदल, आणि तो एकाच जागी पुन्हापुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

भिगवण

सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. कुंभारगाव किंवा डिकसळला उजनी धरणाच्या फुगवट्यात नावा मिळतात. मार्चच्या मध्याला पुण्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. तेव्हा नावेत बसलेलं असायचं तर घर चारला सोडा, नाहीतर आदल्या रात्री गावातच मुक्काम करा. दहानंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं आणि वाराही वाढतो.

पट्टकादंब हंस पाहायचे असतील तर महिन्याचा पहिलाच रविवार धरा, त्यातले बरेचसे तोवर निघूनही गेलेले असतात. रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, उलट आहे. पाणी ओसरून चिखल उघडा पडतो तशी त्यांची चराऊ जागा वाढते. चित्रबलाक आणि नदी सुरयही असतात.

नवख्यांची फजिती होते ती कुरवांपाशी, म्हणजे गल पक्ष्यांपाशी. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका. मार्चमध्ये तेच डोकं तपकिरी होऊ लागतं, काहींचं पूर्ण तर काहींचं अर्धवट. हिवाळी फोटोंवरून ओळखायला जाल तर एकाच थव्यात तीन जाती मोजून याल. गॉडविट या लांब चोचीच्या पाणपक्ष्याच्या मानेवर आणि छातीवरही याच सुमारास तांबूस रंग चढतो.

सूर्य पाठीशी राहील असं नावाड्याला आधीच सांगा. रोहितांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की नाव तिथेच थांबवायची. त्यापुढे गेलं की थवा उडतो. फोटो मिळतो खरा, पण त्यांचं चरणं मोडतं. इथे दुर्बीण १०×४२ (दहा पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) चालेल. परतताना चिलापी माशाची थाळी खायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

सिंहगडाचा पायथा

स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, म्हणजे गाडी नसली तरी अडत नाही. या दिवसांत ओढा आटून आतकरवाडीच्या बाजूला थोडीशीच डबकी उरतात आणि आसपासचे पक्षी पाणी प्यायला, अंघोळीला तिथे उतरतात. या जागेचं सगळं मोल त्या डबक्यांत आहे. उजाडता उजाडता गाणी ऐका, पण डबक्यापाशी बसायची खरी वेळ आठ ते साडेदहा, ऊन तापायला लागल्यावर. दहा-पंधरा मीटर लांब, झाडाच्या सावलीत, मळकट कपड्यांत बसा आणि अर्धा तास हलू नका. फिरत राहणाऱ्याला इथे फारसं काही दिसत नाही.

स्वर्गीय नर्तक, टिकेलचा निळा माशीमार, नारिंगी डोक्याचा कस्तुर आणि अजून गेला नसेल तर नीलांग, ही इथली हजेरी. लांब शेपटीचा तांबूस स्वर्गीय नर्तक दिसला तर त्याला मादी म्हणू नका. तो नरच, पांढरा व्हायचा बाकी आहे इतकंच. दुर्बीण मात्र ८×४२ घ्या. तिच्यातून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो, १०×४२ मध्ये ४.२ मिलिमीटरचा. झाडीच्या अंधारात हा फरक चांगलाच जाणवतो.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे इथे भेटतील. त्यांच्या मागे उभं राहू नका. विणीच्या हंगामात तो आवाज म्हणजे नराला हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो चारा, जोडीदार सोडून त्याच्याच मागे धावत बसतो.

घरची गच्ची किंवा बाग

खर्च जवळपास शून्य, पण नेम रोजचा. मातीचं पसरट भांडं घ्या, फूटभर रुंद. पाणी कडेला दोन-तीन सेंटिमीटर, मध्ये पाचाच्या वर नको, आणि मधोमध एक खडबडीत दगड. खोल, गुळगुळीत प्लास्टिकच्या टबात लहान पक्षी उतरतच नाहीत. भांडं सावलीत ठेवा, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून दोन मीटर लांब. पाणी रोज बदला आणि आतली कड घासून काढा, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

धान्य टाकू नका. चिमण्यांसाठी म्हणून टाकलेल्या ज्वारीवर आठवडाभरात पारवे कब्जा करतात आणि मग विष्ठेवरून सोसायटीत भांडण. त्यापेक्षा फुललेल्या हॅमेलियाची किंवा जास्वंदीची कुंडी आणा. जमिनीत नवी झाडं लावायचा विचार जूनपर्यंत लांबवा, उन्हात रोपं जगवणं कठीण. कढीपत्त्याच्या कुंडीवर बहुरूपी फुलपाखरू अंडी घालतं. त्याच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, पुसून टाकू नका. मात्र नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधीच औषध मारलेलं असेल तर त्या मरतात.

बदल सगळ्यात स्वच्छ दिसतो तो इथेच. जांभळ्या शिंजीराचा (सनबर्डचा) नर हिवाळ्यात मळकट पिवळा असतो, छातीवर एक काळी रेघ तेवढी. तो तुमच्यासमोर हळूहळू झळाळता काळा-जांभळा होतो. दयाळ पहाटे गायला लागतो, तांबट दुपारभर टुक-टुक करतो. कपड्यांच्या दोरीला कोळिष्टक आणि कचरा लोंबताना दिसला तर झटकण्याआधी नीट बघा, ते शिंजीराचं घरटं असू शकतं. असलं तर महिनाभर कपडे दुसरीकडे वाळत घाला.

मग काय निवडायचं

रोजची वीस मिनिटं गच्चीला. पहिला रविवार भिगवणला, उरलेले तिन्ही सिंहगडाच्या पायथ्याशी, त्याच डबक्यापाशी. गुडघे दुखत असतील किंवा सोबत लहान मुलं असतील तर भिगवणला दोन रविवार द्या, तिथे चालणं कमी. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी विसरू नका. दुर्बीण एकच घ्यायची असेल तर ८×४२, भिगवणलाही ती भागवते.

नाशिककरांनी भिगवणच्या जागी नांदूर मध्यमेश्वर धरावं, मुंबईकरांनी ठाण्याची खाडी. खाडीवर मात्र पहाटेचा हट्ट चालत नाही. तिथली वेळ भरती-ओहोटी ठरवते, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं कोष्टक पाहा.