एनपीवाय मोजायचं एलायझा किट: घ्या, पण बॉक्सवरच्या गप्पांवर जाऊ नका

लठ्ठपणावर काम करणारे बरेच जण विचारतात म्हणून लिहितेय, कंपनीचं नाव नको. आमच्या लॅबमध्ये न्यूरोपेप्टाइड वाय, म्हणजे मेंदूतलं भूक वाढवणारं ते एनपीवाय (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी), मोजायला ९६ वेलचं, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या प्लेटचं, एलायझा किट मागवलं होतं; एलायझा म्हणजे अँटीबॉडी वापरून रंगावरून प्रमाण मोजायची चाचणी. प्लेट झकास आहे, डुप्लिकेटचे, म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन वेलचे, आकडे एकमेकांना धरून येतात, स्टँडर्ड कर्व्हपण (माहीत प्रमाणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) छान बसतो. फक्त हे काँपिटिटिव्ह किट आहे, पेप्टाइड जास्त तर रंग कमी, त्यामुळे नवीन पोरं गडद पिवळी वेल बघून खूश होतात आणि हिशोब केला की तोंड उतरतं.

सेल्सवाला सांगणार नाही ते मी सांगते. माणसाचं आणि रॅटचं एनपीवाय सेम टू सेम, ३६ अमिनो आम्लं, क्रमसुद्धा तोच. त्यामुळे 'रॅट स्पेशल' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, त्यापेक्षा पीवायवाय नावाच्या पेप्टाइडशी क्रॉस रिॲक्शन किती, म्हणजे किट चुकून त्यालाही किती मोजतं, ते विचारा, ते पेप्टाइड याच घराण्यातलं आहे.

मॅन्युअल मात्र अगदीच बेकार. सगळं सीरम आणि प्लाझ्मावर, मेंदूच्या टिश्यूबद्दल दीड ओळ. अहो मेंदू बाहेर काढला की एन्झाइम लगेच पेप्टाइड कुरतडायला लागतात, म्हणून टिश्यू ताबडतोब लिक्विड नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० ला, आणि काढताना गरम ॲसेटिक ॲसिडमध्ये. ट्यूब लो-बाइंडिंगच घ्या, नाहीतर पेप्टाइड भिंतीलाच चिकटून बसतं. शेवटी प्रोटीन मोजून पिकोग्राम पर मिलिग्राममध्ये लिहा.

आणि बॉक्सवर लिहिलंय 'भुकेचं अचूक मोजमाप'. कसलं काय! उपाशी उंदरात हायपोथॅलॅमसच्या (मेंदूतला भूक सांभाळणारा भाग) आर्क्युएट न्यूक्लियस या तुकड्यात एनपीवायचा एमआरएनए, म्हणजे ते बनवायचा जनुकाचा निरोप, वाढतो, लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन ते दाबतं, हे ठीक, पण टिश्यूतला आकडा जास्त आला तर पेप्टाइड जास्त बनतंय की बनलेलं बाहेरच सुटत नाहीये, हे या किटला कळत नाही. त्यात अख्खा हायपोथॅलॅमस वाटलात तर पेप्टाइड बनतं तो आर्क्युएट आणि सुटतं तो पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस, हायपोथॅलॅमसच्याच या दोन तुकड्यांची खिचडी. पंच करून वेगवेगळे तुकडे घ्या, सोबत एमआरएनए मोजायला क्यूपीसीआर लावा, सोय असेल तर बाहेर सुटलेलं पेप्टाइड जिवंत मेंदूतून बारीक नळीने गोळा करणारं मायक्रोडायलिसिस.

पार्सल आलं तेव्हा जेल पॅक पार वितळलेले, फोन केला तर 'मॅडम चालतं तेवढं'. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा त्या पॅकचा कापला, एक बॉक्सवरच्या जाहिरातीचा.