झाडावरची नोटीस आणि सात दिवसांची मुदत : पुण्यातील वृक्षतोड हरकत-सुनावणी सेवेचे परीक्षण

पुण्यात रस्तारुंदीसाठी, उड्डाणपुलासाठी, मेट्रोसाठी किंवा एखाद्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी झाड तोडायचे ठरले, तर त्याआधी शहरातल्या कोणत्याही नागरिकाला त्यावर हरकत घेता येते. ही सोय म्हणजे कोणी केलेली मेहेरबानी नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याने ती दिलेली आहे आणि पाणीपुरवठा किंवा जन्मदाखला यांच्यासारखीच ती नागरी सेवा आहे. या सेवेचा वापर मी स्वतः केलेला आहे आणि इतरांना तो करायला मदतही केली आहे. विकास आणि पर्यावरण यांचा झगडा शहरात जिथे प्रत्यक्ष निकालात निघतो, ती ही जागा असल्यामुळे तिचे परीक्षण सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

आधी चांगल्या बाजू, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत. हरकत घेण्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, झाड आपल्या मालकीचे किंवा आपल्या दारातले असण्याची अट नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज पुरतो. वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावायची आणि हरकतींसाठी सात दिवस द्यायचे, असे कायदा सांगतो. झाडावरच नोटीस लावण्याची ही तरतूद मला फार मोलाची वाटते. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरांतली जाहिरात ज्याच्या नजरेतून सुटते, असा फुलवाला, रिक्षाचालक किंवा रोज त्या सावलीत बसथांब्यावर उभी राहणारी विद्यार्थिनी यांनाही ती वाचता येते, आणि त्या झाडाशी सर्वांत जवळचा संबंध बहुधा त्यांचाच असतो.

मी जवळून पाहिलेली एक नोटीस सांगतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला कागद सुतळीने वडाच्या बुंध्याला बांधलेला होता, वर खोडावर रंगाने क्रमांक टाकलेला होता आणि तक्त्यात झाडाची जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, झाड तोडायचे की त्याचे पुनर्रोपण करायचे, आणि कारण, असे रकाने होते. कारणाच्या रकान्यात ‘रस्त्यास अडथळा’ एवढेच शब्द होते. आता कोणत्या आखणीला अडथळा, रस्त्याच्या मध्यरेषेपासून झाड किती अंतरावर आहे, पदपथ थोडा वळवला तर ते वाचते का, हे त्या दोन शब्दांतून कळण्याची कोणतीही सोय नाही, आणि हरकत घेणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे असते.

घेराच्या रकान्याकडे मात्र वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. म्हणजे घेरावरून बांधला जाणारा वयाचा अंदाज हा केवळ माहितीपुरता आकडा राहिलेला नसून त्यावर झाडाचा दर्जा आणि भरपाईची झाडे ही दोन्ही अवलंबून आहेत. घेर मोजण्याची रीत सोपी आहे. जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर, म्हणजे छातीएवढ्या उंचीवर, शिंप्याकडची टेप बुंध्याभोवती फिरवली की झाले. वडाच्या बाबतीत पारंब्या खोडाला मिळून गेलेल्या असतात, त्यामुळे मोजमाप कुठून धरले यावर अंदाज बराच बदलतो. सत्तेचाळीस वर्षे लिहिलेले झाड बावन्न वर्षांचे असू शकते, हे दाखवून देणारी हरकत ‘झाडे तोडू नका’ एवढेच म्हणणाऱ्या शंभर अर्जांपेक्षा अधिक काम करते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव मुदतीची आहे. रस्त्याचा नकाशा, वाहतुकीचा अभ्यास, पर्यायी आखण्या ही कागदपत्रे मागायची तर माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्ज करावा लागतो आणि उत्तर देण्यासाठी त्या कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत. हरकतीची मुदत सात दिवसांची. दोन्ही कायदे प्रत्येकाने काटेकोर पाळले, कोणीही दिरंगाई केली नाही, तरी नागरिकाच्या हातात माहिती येईपर्यंत हरकतीची मुदत तीन आठवड्यांपूर्वी संपलेली असते. यात कोणा कर्मचाऱ्याचा दोष नाही, पण या रचनेमुळे माहितीशिवाय लिहिलेल्या हरकती भावनिक ठरतात आणि मग त्या भावनिक आहेत म्हणून बाजूला ठेवता येतात. नोटिशीबरोबरच आखणीचा नकाशा आणि पर्यायांचे टिपण संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक केले, तर ही सेवा एका दिवसात दुप्पट उपयोगाची होईल.

सुनावणीचा माझा अनुभव याहून बरा आहे. मी हजर असलेल्या एका सुनावणीत एका निवृत्त शिक्षिकेने शांतपणे सांगितले की, यादीतील एका करंजाचा बुंधा रस्त्याच्या आखणीत येतच नाही, फक्त त्याची एक फांदी येते. अभियंत्याने टेबलावर नकाशा उलगडला, अंतर पट्टीने तपासले आणि ते झाड यादीतून काढून फांदी छाटणीची नोंद केली. एक झाड वाचले. समोरासमोर बसून, नकाशा मधे ठेवून बोलल्यावर दोन्ही बाजू किती सुज्ञपणे वागू शकतात हे त्या खोलीत सर्वांनी पाहिले, आणि म्हणूनच अशी सुनावणी प्रत्येक मोठ्या प्रस्तावासाठी झाडाजवळच, स्थळपाहणीसह व्हावी असे मला मनापासून वाटते.

मात्र त्याच सुनावणीत ज्यांनी ‘हा रस्ता इतका रुंद हवाच का’ असा प्रश्न विचारला, त्यांना उत्तर मिळाले नाही, आणि मिळणारही नव्हते. झाडाची नोटीस लागते तेव्हा रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशात, आधीच ठरलेली असते, अंदाजपत्रक मंजूर झालेले असते, निविदा निघालेली असते आणि पुष्कळदा ठेकेदाराला कार्यादेशही दिलेला असतो. लग्नाचा मांडव पडल्यावर मुलीला पसंती विचारावी, तसा हा क्रम आहे. झाडे तोडावीत की नाहीत हा खरा निर्णय वृक्षतोडीला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या कितीतरी आधी, नगररचनेच्या टप्प्यावर होऊन गेलेला असतो, आणि ही सेवा वापरणाऱ्या बहुतेकांना हे फार उशिरा उमगते.

बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याचे उदाहरण पाहावे. विधी महाविद्यालय रस्त्यावरचा वाहतुकीचा ताण कमी करण्यासाठी तो हवा, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. त्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेली रुग्णवाहिका ज्याने पाहिली आहे, तो ते खोटे म्हणणार नाही. परंतु तो रस्ता वेताळ टेकडीच्या अंगावरून जातो, आणि ही टेकडी शहरातील सर्वांत उंच ठिकाण, पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारी जागा आणि मोरांपासून कित्येक पक्ष्यांचे घर आहे. दोन दशकांहून अधिक काळ हा वाद चालू आहे. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी आणि नदीकाठच्या झाडांसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले ते याच कारणाने की, झाडनिहाय हरकतीच्या अर्जात ‘हा प्रकल्पच नको’ किंवा ‘दुसऱ्या मार्गाने करा’ असे लिहिण्यासाठी रकानाच नाही. नदीकाठ सुधार योजनेतही तेच आहे. चव्वेचाळीस किलोमीटर लांबीच्या, मार्च २०२२ मध्ये पायाभरणी झालेल्या या योजनेवरचा मूळ आक्षेप नदीचे पात्र, पूररेषा आणि आधी सांडपाणी शुद्ध करावे की आधी काठ बांधावेत याविषयीचा आहे. काठावरच्या एखाद्या वाळुंजाच्या किंवा बाभळीच्या नोटिशीवर लिहिताना तो आक्षेप मांडला, तर विषयाबाहेरचा ठरतो.

म्हणून ज्यांना खरोखर फरक पाडायचा आहे त्यांनी याच्या आधीची सेवा वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना तीस दिवसांत हरकती आणि सूचना देता येतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते, आणि मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी कलम ३७ खाली पुन्हा महिनाभराची मुदत द्यावी लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. टेकड्यांच्या बाबतीत याच मार्गाने मोठे यश मिळाले आहे. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या तेवीस गावांच्या आराखड्यात साडेनऊशे हेक्टरांहून अधिक टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे आरक्षण पडले. त्याला अंतिम मान्यता मिळायला २०१५ साल उजाडले, पण ते टिकले, कारण नागरिक आराखड्याच्या टप्प्यावरच जागे होते. या विषयात जमीनमालकांचीही बाजू आहे आणि ती मी डावलणार नाही. आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, हा मोबदला त्यांच्यापैकी अनेकांना अपुरा वाटतो, आणि वर्षानुवर्षे आरक्षणाखाली अडकलेल्या जमिनीला योग्य मोबदला वेळेवर न देता टेकड्या वाचतील असे मानणे अन्यायाचे आहे. मोबदला रखडला की डोंगरउतारावर पत्र्याच्या शेड उभ्या राहतात आणि मग टेकडीही जाते व मालकाचा हक्कही.

निर्णय कोण घेतो हा मुद्दाही परीक्षणात यायलाच हवा. वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात आणि सदस्यांत नगरसेवक व तज्ज्ञ असावेत अशी रचना आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच राहिला. या काळात प्रकल्प मांडणारी, त्याला सर्वसाधारण सभेच्या अधिकारात मंजुरी देणारी आणि त्यासाठीच्या वृक्षतोडीचा निर्णय द्यायला बसणारी व्यक्ती एकच होती. त्या पदावरील माणूस कितीही प्रामाणिक असला तरी तिन्ही खुर्च्यांवर एकट्याने बसून स्वतःच्याच प्रस्तावाला ‘नाही’ म्हणणे त्याला अवघड आहे. प्राधिकरणावर बाहेरचे वनस्पतीतज्ज्ञ असणे आणि त्यांचे मत इतिवृत्तात शब्दशः नोंदले जाणे हा यावरचा किमान उपाय आहे.

भरपाईच्या झाडांविषयी थोडक्यात. साठ वर्षांच्या एका झाडाबदल्यात साठ रोपे कागदावर भरघोस वाटतात, पण ती बहुधा शहराच्या कडेला लागतात. ज्या पदपथावरची सावली गेली, तिथल्या भाजीवालीला त्या रोपांचा उपयोग नाही. पुनर्रोपणात वड, पिंपळ, उंबर ही झाडे तग धरतात, इतर अनेक जातींचे तसे नाही. म्हणून हरकतीत ‘पुनर्रोपण कोणत्या जागी, देखभाल कोणाकडे’ हे अवश्य विचारावे.

परवानगी मिळाल्यानंतर पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, ही कायद्यातली तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. न्यायालयात जायचे तर तेवढेच दिवस हातात असतात. याच कायद्याखालच्या मुंबईतल्या आरे प्रकरणात, म्हणजे मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीच्या वादात, ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. तेव्हा निर्णयाची प्रत मिळण्याची वाट न पाहता संकेतस्थळ रोज बघावे. न्यायाचा मार्ग पुण्यात निष्फळ ठरलेला नाही, हेही सांगायला हवे. विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत मुठेच्या पात्रात घातलेल्या रस्त्याविरुद्ध नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

गुण द्यायचेच झाले, तर सुलभतेसाठी मी पाचपैकी चार देईन, माहितीसाठी एक, आणि निर्णयावर प्रत्यक्ष परिणाम होण्यासाठी दोन. एखाद-दुसरे झाड, चुकीचे मोजमाप, चुकीची आखणी यांसाठी ही सेवा जरूर वापरावी, ती उपयोगी पडते. प्रकल्पाच्या गरजेवरच आक्षेप असेल, तर आराखडा आणि अंदाजपत्रक यांच्या टप्प्यावर जावे. अर्जात झाडाचा क्रमांक, जात, स्वतः मोजलेला घेर आणि छायाचित्र द्यावे, प्रत्येक झाडासाठी वेगळा परिच्छेद लिहावा, सुनावणीची स्पष्ट मागणी करावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.