भूतघराचा वार्षिक पास: आधी चार तारे, मग एक, आता दोन

काल एका ताऱ्याचे दोन केले, म्हणून हे पुन्हा सविस्तर लिहिते आहे. भूतघराचं नाव टाकत नाही, कारण यातलं बरंचसं नागपुरातल्या बाकीच्या भूतघरांनाही कमी-अधिक लागू पडेल. तिकीट किती, खोल्या किती हे सगळं त्यांच्या पेजवर आहेच.

पास घेतला तो भुतांसाठी नाही, एसीसाठी. मे महिन्यात पारा 45 वर गेला की मानेवाड्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावर कूलरही गरम वाराच फेकतो. पोरगा आणि नणंदेची मुलगी सुट्टीभर घरात, हातात मोबाईल. दर वेळी तिकीट काढण्यापेक्षा फॅमिली पास स्वस्त पडतो, हा हिशोब दूधवाल्याच्या वहीमागे मांडून पाहिला आणि घेतला. उन्हाळ्यातच तो वसूल झाला, हे आधीच सांगून टाकते.

माल सुरुवातीला चांगला होता. आरशांच्या खोलीनंतर एक बाई हवेत उभी दिसते, ती मला आजही आवडते. ती पडद्यावरची नाही. समोर एक मोठी काच तिरकी लावलेली आहे, बाजूच्या काळ्या खोपटात खरी मुलगी उभी असते, आणि तिच्यावरचा दिवा हळूहळू वाढवला की तिचं प्रतिबिंब आपल्या समोरच्या खोलीत उभं राहतं. जॉन हेन्री पेपर यांनी 1862 साली लंडनमध्ये ही युक्ती लोकांसमोर आणली, अजूनही ती त्यांच्याच नावाने चालते. बाकीचे खेळ कॉम्प्रेसरचे. फुस्स आवाज आला की शवपेटीचं झाकण उघडणार. पोरांना ते लगेच पाठ झालं, झाकण उघडायच्या आधीच ती मोठ्याने आकडे मोजायची.

एक सूचना: जांभळ्या दिव्याच्या खोलीत पांढरा शर्ट घालून जाऊ नका. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरमध्ये जे रसायन घालतात, ते त्या दिव्याखाली झगझगीत चमकतं. आमचे हे ऑफिसच्या शर्टात तसेच आत गेले, तर समोरून येणाऱ्या कॉलेजच्या पोरी भुताला सोडून त्यांनाच पाहून किंचाळल्या.

जाहिरातींचं मात्र काय सांगावं. रीलमध्ये हिरवट उजेड, पळणारी मुलगी, खाली ‘नागपूरची सर्वात झपाटलेली जागा, खरी घटना’. ती जागा आधी सोफ्याचं दुकान होती. आमचा सोफा तिथलाच आहे, त्याचं फक्त स्प्रिंग बसलंय. ज्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथे तिकीट खपवायला ‘खरी घटना’ लिहिताना काही वाटत नाही का?

मग जाहिरातीतले ते 99 रुपये. 99 मध्ये फक्त बाहेरची स्मशानभूमी मिळते, म्हणजे थर्माकोलचे दगड आणि सेल्फीची जागा. आतलं तिकीट वेगळं. पासवाल्यांना तर स्लॉट ऑनलाइनच घ्यावा लागतो, आणि दर स्लॉटला सुविधा शुल्क, वर जीएसटी, शिवाय आधीच टिक करून ठेवलेलं एक रुपयाचं दान. ‘फक्त 3 जागा शिल्लक’ हे मी भर पावसात मंगळवारी दुपारी वाचलं; आत गेलो तर आम्ही सोडून कोणी नव्हतं. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 फसव्या युक्त्यांना मनाई करणारी नियमावली काढली आहे. खोटी घाई, पैसे भरेपर्यंत फुगत जाणारी किंमत आणि न विचारता यादीत घातलेली वस्तू, तिन्ही त्यात आहेत. एक रुपयासाठी तंडते म्हणून घरचे हसतात. हसू देत, मी ते टिक दर वेळी काढते.

आता दिव्याचं. प्रत्येक बोळाच्या टोकाला बाहेरचा रस्ता दाखवणारा हिरवा दिवा होता, पळत्या माणसाचं चित्र असलेला. पोरं कुरकुरायची की त्या उजेडात विदूषकाच्या झग्याची चेन दिसते. मलाही तेव्हा त्या दिव्याचं विशेष काही वाटत नव्हतं. मग जुलैत भरपूर फॉलोअर्स असलेल्या एका पोराने रील टाकलं: सगळं भारी आहे, फक्त तो हिरवा लाइट मूड घालवतो. पुढच्या वेळी गेलो तर दिव्यांवर काळी चिकटपट्टी, आणि दारांवर काळे पडदे.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही आत असताना लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागलं असेल. पोरं हसत होती, त्यांना वाटलं हाही खेळच. मोबाईल बाहेर लॉकरमध्ये, वीस रुपये भाडं देऊन ठेवलेले, कारण आत शूटिंगला बंदी आहे. ती फक्त त्यांनी बोलावलेल्या रीलवाल्यांना माफ. त्यामुळे टॉर्चही नाही. भिंत चाचपावी तर हाताला फोम आणि कापड. आणि लाइट गेल्यावर तो हिरवा दिवा बॅटरीवर चालतो, नेमका याच वेळेसाठी असतो. पट्टीखाली तो त्या क्षणीही जळतच असणार, ह्याचा मला जास्त संताप आला. आम्हाला हात धरून बाहेर काढलं ते चेटकिणीच्या वेशातल्या पोराने. मुखवट्यात घामाने निथळत होता बिचारा. त्याला वेगळे तारे देता आले असते तर पाचही दिले असते.

काउंटरवर विचारलं, “दिव्यावर टेप काहून लावली?”

“ताई, रीलमध्ये सगळं हिरवं हिरवं येते ना जी. कस्टमरच म्हणते.”

“मी कोण आहो मग?”

“तुमचा तर पास आहे ना, ताई.”

म्हणजे माझे पैसे आधीच आलेले, आता मला घाबरवण्यातही त्यांना रस नाही. रस आहे तो ज्याने अजून तिकीट काढलेलं नाही त्याच्यात, आणि तो आत नसतो, मोबाईलवर असतो. सगळं घर आता त्याच्या डोळ्यांसाठी सजवलेलं आहे. आरशांच्या खोलीतला एक वळणाचा बोळसुद्धा बुजवला, कॅमेरा सरळ जावा म्हणून.

घरी येऊन वाचत बसले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज बागेतल्या ‘हॉन्टेड कॅसल’ला 11 मे 1984 ला आग लागली, आत अडकून 8 तरुण मुलं गेली. तिथेही भिंतीला फोम होता. त्यानंतर तिकडच्या नियमांत आलं की धूर कळला की भूतघरातले दिवे आपोआप लागले पाहिजेत आणि किंकाळ्या बंद झाल्या पाहिजेत. इतकं लांब कशाला, राजकोटचा गेम झोन आठवा. 25 मे 2024, शनिवारची संध्याकाळ, 27 माणसं गेली, अग्निशमनचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. त्या दिवशी तिथे गर्दी कशाने होती? 99 रुपयांच्या तिकिटाने.

पुढच्या खेपेला मी मॅनेजरला फॉर्म बी मागितला. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं हे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. “ऑफिसात आहे, ताई.” ऑफिस कुठे? “चावी मालकाकडे.” मालक? “पुण्याला.” तेव्हा एक तारा केला. खाली चोवीस तासांत उत्तर: ‘प्रिय ग्राहक, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया मेसेज करा.’ मेसेज केला, तर दोन कोल्ड्रिंकचं कूपन आलं. बाहेर पडताना पाच तारे देणाऱ्यालाही तेच कूपन देतात, म्हणून माझ्या आजूबाजूचे सगळे अभिप्राय ‘मस्त’, ‘जबरदस्त’ आणि ‘कोल्ड्रिंक थंड होतं’ असे आहेत. आणि पैसे घेऊन किंवा फुकट आत जाऊन केलेल्या रीलवर ‘जाहिरात’ असं ठळक लिहायचं, हे सरकारने जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय. त्या हिरव्या लाइटवाल्या रीलवर ते शोधून पाहा. मला सापडलं नाही.

पोळ्याच्या सुमाराला तर कहर केला, ‘मारबत स्पेशल नाईट’. अरे, काळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारा तो मिरवणुकीतला पुतळा, 1881 पासून निघते या शहरात, तिला भुतात कशाला ओढता? ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तिला वेशीबाहेर नेतो, ती काही कोपऱ्यातून ‘भॉक’ करायला नाही. मुलांना महाल भागातल्या गर्दीत ती मिरवणूक फुकट दाखवली. नणंदेची मुलगी त्या उंच काळ्या पुतळ्याला पाहून माझ्या मागे लपली, जी भूतघरात जांभया देते.

दोन तारे का, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन करून तक्रार नोंदवल्यावर आरशांच्या खोलीजवळची पट्टी निघाली आहे आणि एक रुपयाचं टिकही आता आधीपासून नसतं. विदूषकाच्या बोळातला दिवा अजून झाकलेलाच आहे. जायचं असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी जा, तिकीट काउंटरवर काढा म्हणजे सुविधा शुल्क वाचतं, आणि आत शिरल्याबरोबर आधी दारं कुठे आहेत ते बघून घ्या, भुतं कुठे जात नाहीत.

पास एप्रिलमध्ये संपतो. नूतनीकरणावर सूट म्हणून आत्तापासून मेसेज येताहेत, त्यातही ‘फक्त 3 पास शिल्लक’. घेणारच नाही असं मी म्हणत नाही, मे पुन्हा येणार आहे आणि एसी खरंच चांगला आहे. पण जानेवारीचा फॉर्म बी काउंटरवर लावलेला दिसल्याशिवाय नाही, आणि सुविधा शुल्क तर मुळीच देणार नाही.