डिस्क मेली सांगून १४,७५० रुपये घेतले, बिघाड होता १२० रुपयांच्या केबलचा

नागपुरातल्या बर्डीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने मला १४,७५० रुपयांना फसवलं. तक्रार करणार आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण तुमचा ड्राइव्ह रीस्टार्टनंतर गायब होत असेल, तर कॅबिनेट उचलून कुठंही नेण्याआधी हे वाचा.

मी नंदनवनला घरूनच टायपिंग-डीटीपीचं काम करते. विंडोज एसएसडी नावाच्या वेगळ्या छोट्या ड्राइव्हवर आणि सगळं काम २ टीबीच्या हार्ड डिस्कवर, डी ड्राइव्हमध्ये. हा डी ड्राइव्ह रीस्टार्ट केलं की कधी दिसायचा, कधी नाही. एका गुरुवारी दिसलाच नाही. सोमवारी एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध जमा व्हायचा होता, २८६ पानं, आणि गाइडने सांगितलेल्या दुरुस्त्या केलेली प्रत तिथंच. बॅकअप होता, पण दुरुस्त्यांच्या आधीचा. आता सगळे म्हणतात, चार ठिकाणी विचारायचं होतं. त्या मुलीचे तासातासाला फोन येत होते. कोणाला विचारत बसू?

ऑटोने कॅबिनेट घेऊन गेले. दुकानदाराने डिस्क काढली, टेबलावरच्या डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायचा स्टँड) घातली आणि त्याच्या कॉम्प्युटरला जोडली. दहा-पंधरा सेकंदांत माझे फोल्डर समोर आले. 'पत्रिका', 'सोसायटी अहवाल', 'प्रबंध अंतिम'. माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी म्हटलंही, "अहो, हे तर दिसतंय!" त्याने लगेच खिडकी बंद केली आणि मॉनिटर स्वतःकडे वळवला.

"ताई, दिसून राहिली म्हणून चांगली नाही समजायची. आतून क्रॅश होऊन राहिली. अजून एकदा बंद पडली तर सगळंच जाईन."

इथंच उठायला हवं होतं. माझ्या कॅबिनेटमध्ये न दिसणारी डिस्क दुसऱ्याच्या मशीनवर क्षणात दिसते, तर आधी संशय केबलवर, पोर्टवर, पॉवरच्या जोडणीवर घ्यायचा असतो. आणि फोल्डर उघडताहेत तर तिथल्या तिथं पेन ड्राइव्हवर कॉपी मागायची. प्रबंधाची फाइल किती मोठी असणार? दोन मिनिटांचं काम होतं. ते मागायचं मला सुचलं नाही, याचा राग अजून जात नाही. पण 'सगळंच जाईन' हे ऐकल्यावर माझ्या जागी कोण शांत राहिलं असतं?

तपासणीचे ५००, डेटा रिकव्हरीचे ८,५००, 'नवीन' २ टीबी डिस्कचे ५,४००, फिटिंगचे ३५०. रात्रभर मशीनवर लावावं लागते म्हणाला. शनिवारी दुपारी सगळा डेटा मिळाला, एकूण एक फाइल, जुन्या नावांनी, जुन्याच फोल्डरांत. मला हायसं वाटलं, आणि त्या आनंदात हेही लक्षात आलं नाही की खरोखर खराब झालेल्या डिस्कवरून काढलेल्या फायली कधीकधी नावं, फोल्डर हरवून येतात. माझं सरळ कॉपी-पेस्ट होतं. बिल म्हणून एक कच्ची चिठ्ठी, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, डिस्कचा सीरियल नंबर नाही. यूपीआयचे पैसेही भलत्याच नावावर गेले. पक्कं बिल आणि त्यावर सीरियल नंबर असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पाचव्या दिवशी रीस्टार्ट केलं आणि डी ड्राइव्ह पुन्हा गायब. नवीन डिस्क!

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला बोलावलं. त्याने आधी बायोस उघडलं, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंगची स्क्रीन. तिथंही डिस्क नव्हती. बायोसमध्येच नसेल तर विंडोजमध्ये काही करून उपयोग नाही, केबल आणि पोर्ट बघा. बायोसमध्ये असेल आणि 'धिस पीसी'त नसेल तर विंडोजमधलंच 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा; कधी नुसतं ड्राइव्हचं अक्षर उडालेलं असतं, कधी डिस्क ऑफलाइन पडलेली असते. तिथं 'इनिशियलाइझ' करू का किंवा फॉरमॅट करू का असं विचारलं तर हो म्हणू नका. भाच्याने कॅबिनेट उघडून दाखवलं: डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या सॅटा केबलची खटकी तुटलेली, टोक बोट लावलं की हलत होतं. १२० रुपयांची केबल आणली. तेव्हापासून आजपर्यंत ड्राइव्ह एकदाही गेला नाही. (डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, लगेच बंद करा.)

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं, डिस्कची तब्येत आणि ती किती तास चालली ते दाखवणारं सॉफ्टवेअर. माझी 'नवीन' डिस्क २१,३४० तास चाललेली निघाली. चोवीस तासांनी भागा, ८८९ दिवस होतात. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला तर वॉरंटी केव्हाच संपलेली. नवी डिस्क घेतली की दुकानातच हे तास बघा.

दुकानात गेले तर, "आमच्याकडून चालू गेली होती." पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. वापरलेली वस्तू नवी म्हणून विकली, धड डिस्क मेली म्हणून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? लेखी अर्जावर पोच मागितली तर साहेब राउंडवर आहेत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. सायबरवाले म्हणाले, ऑनलाइन फसवणूक नाही, आमच्याकडे येत नाही. जिथं गेले तिथं एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, तुम्ही पैसे दिलेच कशाला?" चोरी झालेल्या माणसाला कोणी विचारतं का, घर कशाला बांधलं? तीन फेऱ्या, कामाचे तीन दिवस गेले, हातात पोचेचा कागद नाही.

ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे मला कोणी सांगितलं नाही, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याचे नियम मीच शोधून वाचले. वकील लागतोच असंही नाही.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. माझी जुनी डिस्क त्याने परत दिली नाही. "डेड डिस्क आमच्याकडेच जमा होते," म्हणाला आणि मी मान्य केलं. त्या डिस्कवर विद्यार्थ्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन आहेत, प्रकाशित न झालेले प्रबंध आहेत. आता मागितली तर म्हणतो भंगारात गेली. दुकानदार काहीही म्हणो, आपली डिस्क तिथं सोडायची नाही, मेलेली असली तरी. अकरा जणांना मी स्वतः फोन करून हे सांगितलं. दोघं चिडले, त्यांचं बरोबर आहे.

जुन्या डिस्कचा खोका माळ्यावर सापडला, त्यावर सीरियल नंबर आहे. तो, चिठ्ठीचा फोटो आणि यूपीआयची पावती जोडून तक्रार तयार केली आहे. पहिली मागणी पैशांची नाही, ती डिस्क परत देण्याची लिहिली आहे.