कॅन्टनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम – ॲलन पेज यांच्यासाठी तरी जाच

रेटिंग : ५ पैकी ५

मागच्या शनिवारी बाबांना घेऊन ओहायोतल्या कॅन्टनला, अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या खेळाडूंचा मान करणारं हे म्युझियम बघायला जाऊन आलो. क्लीव्हलँडच्या आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता आहे, आणि बॉलच्या टोकासारखं आभाळात घुसलेलं ते छप्पर लांबूनच ओळखू येतं. बाबा साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, आता रिटायर आहेत, आणि अमेरिकन फुटबॉलचा त्यांचा काही एक संबंध नाही, त्यामुळे ते तिथे दोन-अडीच तास काय करणार असं वाटत होतं. पण माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये लाइनवर खेळतो, त्याच्यासाठी जायचंच होतं.

लाइनमन म्हणजे सगळ्यात पुढच्या रांगेत हात जमिनीला टेकून वाकलेले ते दणकट गडी. बाबांना मी कबड्डीवरून सांगितलं, चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात पण पकड करणाऱ्याशिवाय खेळ होत नाही, डिफेन्सचा लाइनमन म्हणजे समोरची भिंत फोडून क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, पकडणारा माणूस. हे त्यांना लगेच पटलं.

ब्राँझच्या पुतळ्यांचं दालन हा तिथला जीव आहे. नुसते खांद्यापर्यंतचे चेहरे, ओळीने, आणि लोक आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. १९८८ ला हा मान मिळालेल्यांच्या चेहऱ्यांमध्ये ॲलन पेज आहेत, मिनेसोटा व्हायकिंग्ज ह्या टीमचे डिफेन्सचे लाइनमन. हा माणूस १९४५ साली ह्याच कॅन्टनमध्ये जन्मला, इथल्याच सेंट्रल कॅथलिक शाळेत शिकला, आणि १९६३ ला उघडलेल्या ह्या हॉलचं बांधकाम चालू होतं तेव्हा कोवळ्या वयात त्या बांधकामावर कामाला होता. ज्या इमारतीसाठी घाम गाळला तिथेच पंचवीस वर्षांनी त्यांचा चेहरा बसला, हे बाबांना सांगितलं तर ते तिथेच थांबले, पुढे यायलाच तयार नाहीत.

मग मी बाकीचं पण सांगत बसले. नोत्र दाम युनिव्हर्सिटीकडून १९६६ चं कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद, १९६७ ला व्हायकिंग्जने घेतलं, मग कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज अशी ती चौघांची लाइन जिला लोक पर्पल पीपल ईटर्स म्हणायचे. १९७१ ला अख्ख्या लीगचे, म्हणजे एनएफएलचे, एमव्हीपी (सर्वात मोलाचे खेळाडू) झाले, आणि एपी (असोसिएटेड प्रेस) ह्या वृत्तसंस्थेचा तो मान मिळवणारे डिफेन्सचे ते पहिलेच खेळाडू. पुढे सुपर बोलचं, म्हणजे लीगच्या फायनलचं, दालन आहे, तिथे जिंकलेल्या टीम्सच्या अंगठ्या ठेवल्यात, मुलगा काचेला चिकटून बघत होता आणि मी त्याला सांगितलं की पेज चार वेळा सुपर बोल खेळले आणि चारही वेळा हरले. तो जरा गप्पच झाला. मला वाटतं लाइनवर खेळणाऱ्या पोराला हे माहीत असायलाच पाहिजे.

पण बाबांना धरून ठेवलं ते कोर्टाने. पेज खेळत असतानाच मिनेसोटा युनिव्हर्सिटीत लॉ शिकत होते, १९७८ ला डिग्री घेतली. त्याच वर्षी व्हायकिंग्जने त्यांना सोडलं, कारण पळायची आवड लागून वजन उतरलं होतं आणि कोचच्या मते लाइनवर ते चालणार नव्हतं. ते शिकागो बेअर्सकडे गेले आणि १९८१ पर्यंत खेळले, पंधरा सीझनमध्ये एकही मॅच चुकवली नाही. पुढे मिनेसोटा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) ऑफिसात नोकरी. मिनेसोटात राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज लोक मतदान करून निवडतात हे ऐकून बाबा चकितच झाले, दोन वेळा विचारलं की खरंच का. पेजना उभं राहायचं होतं तर गव्हर्नरने त्या जागेवरच्या जजची मुदतच वाढवली, म्हणजे निवडणूकच होणार नाही. पेज कोर्टात गेले, केस जिंकले, आणि १९९२ ची निवडणूक पण जिंकून त्या कोर्टाचे पहिले काळे जज झाले. २०१५ ला सत्तरीच्या नियमाने रिटायर झाले.

१९८८ च्या समारंभात त्यांची ओळख करून द्यायला त्यांनी कुठला कोच नाही तर मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना बोलावलं होतं, आणि भाषण सगळं शिक्षणावर. त्याच वर्षी पत्नी डायन यांच्यासोबत मुलांना कॉलेजसाठी मदत करणारं पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं.

जाणाऱ्यांसाठी : ऑगस्टमध्ये नवीन खेळाडूंच्या समारंभाच्या दिवसांत गर्दी असते, शांतपणे बघायचं तर ते दिवस टाळा. निदान अर्धा दिवस ठेवा. खेळ माहीत नसलेलं कोणी सोबत असेल तर एकाच खेळाडूची गोष्ट आधी घरी वाचून जा आणि ती सांगत फिरा, नाहीतर इतक्या चेहऱ्यांमध्ये माणूस हरवतो. शहराबद्दल पण वाचा, १९२० ला ही लीग कॅन्टनमधल्याच एका मोटारींच्या शोरूममध्ये ठरली, म्हणून हॉल इथे आहे.

जेवायला बाहेर हायवेवर थांबलो ते मात्र चुकलंच, थंड फ्राइज आणि पाऊण तास वाट बघणं. डबा घेऊन गेलो असतो तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर बाबांनी त्या ९२ च्या केसचं जजमेंट प्रिंट करून मागितलं. सध्या रोज सकाळी चहासोबत तेच चालू आहे, पेन्सिलने खुणा करत.